तलवार, मंत्र आणि वेताळाचा प्रश्न

नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात, पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधब्याच्या परिसरात इस्लापूर हे गाव वसले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात आले. उर्वरित बोथ आंध्र प्रदेशात राहिला. मराठी व तेलुगू मुलखांमध्ये अशी रेषा आखली जात होती, त्याच वर्षांत एक मासिक दोन्ही भाषांतील मुलांना तीच चित्रे आणि त्याच कथा देत होते. ते मासिक म्हणजे ‘चांदोबा’.

नागी रेड्डी व चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू व तमिळ भाषांत ‘चंदमामा’ सुरू केला. १९५२ मध्ये त्याला मराठी ‘चांदोबा’चे रूप लाभले. त्यातील क्रमशः कथांत तलवारधारी तरुण, कपटी मांत्रिक आणि राक्षस यांचे एक अद्भुत विश्व महिन्यामहिन्याने उलगडत असे. १९५४ पासून या कथा प्रामुख्याने दासरी सुब्रह्मण्यम यांनी तेलुगूत लिहिल्या. परंतु कथेखाली त्यांचे नाव छापले जात नसे. ज्यांनी आपले बालपण समृद्ध केले, त्यांचे नावही मराठी घरांना ठाऊक झाले नाही.

अमेरिकेत रॉबर्ट हॉवर्ड यांनी १९३२ मध्ये कोनान हा योद्धा निर्माण केला आणि १९७० मध्ये त्याची चित्रमालिका निघाली. तलवार आणि जादू यांच्या कथा म्हटल्या की जगाला त्याचे नाव आठवते. परंतु या कथाप्रकाराचे एक फार जुने घर मराठवाड्यातच आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त वेताळकथांचा राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. सोमदेवाचा आधार गुणाढ्याची ‘बृहत्कथा’. आणि परंपरा गुणाढ्यालाही सातवाहनांच्या दरबारी बसवते.

‘चांदोबा’तील विक्रम तो हाच. खांद्यावर प्रेत, हाती उपसलेली तलवार आणि भोवती स्मशान, हे त्याचे रूप चित्रकार शंकर, अर्थात के. सी. शिवशंकरन, यांनी घरोघरी पोहोचवले. २०२० मध्ये ते निवर्तले. २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

असल्या भुताखेतांच्या गोष्टी मुलांना द्याव्यात काय, असा प्रश्न अनेक पालकांना पडतो. त्याचे उत्तर कथेच्या रचनेतच आहे. राजाच्या हाती तलवार असूनही वाटभर ती उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतो तो विवेक. दोषी कोण, थोर कोण, हे वेताळ विचारतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिल्यास डोके फुटेल. बोलल्यास केलेले श्रम वाया जातील. राजा प्रत्येक वेळी श्रम वाया घालवतो आणि खरे बोलतो. अखेरच्या प्रश्नाचे उत्तर त्याला सापडत नाही, तेव्हा तो प्रामाणिकपणे मौन धरतो. प्रसन्न झालेला वेताळ त्याला मांत्रिकाच्या कपटाविषयी सावध करतो. तलवार चालते ती त्यानंतरच. ज्ञान असून गप्प बसणे हा येथे अपराध आहे, आणि अज्ञान असताना बोलणे हा मोह. इतका नेमका नीतिपाठ इतक्या रंजकपणे क्वचितच दिला गेला असेल.

१९९८ मध्ये मासिकाच्या प्रकाशनात खंड पडला. ते पुन्हा सुरू झाले, २००७ मध्ये त्याची मालकी बदलली, आणि पुढील दशकाच्या आरंभीच्या वर्षांत छपाई थांबली. आता माळ्यावरच्या पेटीत जे जीर्ण अंक उरले असतील, ते रद्दीत जाऊ देऊ नयेत. मुलांना जवळ बसवून एखादी वेताळकथा मोठ्याने वाचावी, प्रश्नापाशी थांबावे आणि राजाचे उत्तर वाचण्याआधी मुलांचे उत्तर ऐकावे. ते राजाच्या उत्तराहून निराळे निघाले, तर का, हे अवश्य विचारावे.