गवताच्या भिंतींची ऊब

१९०४ च्या किंकेड कायद्याने अमेरिकेतील पश्चिम नेब्रास्कात वसाहतकऱ्यांना ६४० एकरांपर्यंत जमीन मिळू लागली. पण घर बांधायचे कशाने? सँडहिल्सच्या त्या वाळूच्या टेकड्यांवर लाकूड नव्हते. मुळांसकट कापलेली मातीची ढेकळेही ठिसूळ निघत. गवत मात्र अमाप होते आणि त्याच्या गाठी बांधणारी यंत्रे आली होती. या गाठी विटांसारख्या रचून लोकांनी भिंती उभ्या केल्या. बेयार्डजवळ त्याआधीच अशी एक शाळा बांधली गेली होती. तिला गिलावा नव्हता. काही वर्षांतच ती गुरांनी खाऊन टाकली! गिलावा केलेले आर्थर गावातील १९२८ चे चर्च मात्र टिकून राहिले.

नाइलाजाने बांधलेली ही घरे थंडीत ऊबदार ठरली. उष्णता अडवते ती काड्यांमध्ये कोंडलेली स्थिर हवा. १९३० च्या दशकात बाजारात आलेली काचलोकरही हेच काम करते. इंचाला इंच लावला, तर काचलोकर सुमारे दुप्पट सरस. गवताची बाजू सावरते ती भिंतीची जाडी.

१९८० नंतर या बांधकामाचे पुनरुज्जीवन झाले, ते बहुधा गव्हाच्या पेंढ्याने. आणि त्याबरोबर मोठे आकडेही आले. उष्णतेला होणारा विरोध अमेरिकेत ‘आर-मूल्या’ने मोजतात, ते दुप्पट झाले की भिंतीतून जाणारी उष्णता निम्मी होते. १९९३ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातील प्रबंधासाठी सुट्या गाठी मोजल्या गेल्या. त्यावरून जाड भिंतीचे मूल्य ५० च्या पुढे सांगितले जाऊ लागले. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९८ मध्ये गिलावा केलेली अख्खी १९ इंची भिंत तपासली, तेव्हा ते २७.५ भरले. त्याआधीच्या एका चाचणीत गाठी आणि आतला फलक यांच्यात फट राहिली होती. तेव्हा तर ते १७ च्या आसपासच आले होते.

पण प्रचलित भिंतीचा आकडाही तपासायला हवा. १९ मूल्याची काचलोकर भरलेली सहा इंची लाकडी चौकटीची भिंत, चौकटीतून निसटणारी उष्णता धरता, प्रत्यक्षात १४ च्या आसपास भरते. म्हणजे खरा आकडा घेतला तरी पेंढ्याच्या भिंतीतून निम्मीच उष्णता जाते. फुगवलेल्या आकड्यावर विसंबून लहान शेगडी घेणारा मात्र थंडीत कुडकुडला असता.

सँडहिल्सच्या त्या शेतकऱ्यांकडे आर-मूल्य नव्हते. गाठी घट्ट रचायच्या आणि गिलाव्यात फट ठेवायची नाही, एवढे त्यांना ठाऊक होते. प्रयोगशाळेनेही शेवटी तेच सांगितले.