‘मिक्स’ शब्दाची जन्मकथा

‘मीठ घाल आणि मिक्स कर’ असं आपण सहज म्हणून जातो. शब्द इंग्रजी, पण नात्यातला. लॅटिनमध्ये मिसळण्याला ‘मिस्केरे’ म्हणत आणि संस्कृतात ‘मिश्र’ आहे. भाषेचे अभ्यासक दोघांचं मूळ एकच मानतात. आपलं ‘मिसळणं’ त्या ‘मिश्र’चंच. म्हणजे मिक्स आणि मिसळ ही लांबची भावंडं झाली.

इंग्रजांकडे फ्रेंचमधून आधी ‘मिक्स्ट’ आला, म्हणजे ‘मिसळलेलं’. लोकांना वाटलं, शेवटचा ‘ट’ भूतकाळाचा. तो काढला आणि सोळाव्या शतकात ‘मिक्स’ हे क्रियापद झालं. बाळाच्या पाठीवर आईचा जन्म!

आपल्या जुन्या बायकांना ठाऊक आहे ते दवाखान्यातलं ‘मिक्श्चर’. कंपाउंडर बाटलीला खाचांची कागदी पट्टी चिकटवून द्यायचा, एक खाच म्हणजे एक डोस. तमिळनाडूत मात्र मिक्श्चर मागितलं, तर बशीत शेव-शेंगदाणे येतात.

मग घरात मिक्सर आला. परदेशी यंत्रं आपल्या वाटणापुढे टिकत नसत. मुंबईच्या माधुरी माथुर यांचा जर्मन मिक्सर असाच बंद पडला. त्यांचे पती सत्यप्रकाश सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. त्यांनी दणकट मोटर बसवून नवा मिक्सर बनवला, तोच पुढे घरोघरी गेलेला ‘सुमीत’. पाटा-वरवंट्यावरचे कितीतरी तास वाचले. आता बघा, काम वाटायचं आणि नाव मिसळणाऱ्याचं!

पुण्यात 1963 साली गिट्स कंपनी सुरू झाली. अशा कंपन्यांच्या तयार पिठांमुळे ‘मिक्स’ हे वस्तूचंच नाव झालं. इडली मिक्स, गुलाबजाम मिक्स. इथे आपल्या बचत गटांचा संबंध येतो. शहरातल्या गिऱ्हाइकाला कळावं म्हणून भाजणीला ‘थालीपीठ मिक्स’ म्हणा, असा सल्ला आम्हाला मिळतो. मला तो पटत नाही. ‘मिक्स’ म्हटल्यावर एवढंच कळतं की काहीतरी एकत्र केलंय. ‘भाजणी’ म्हटलं की धान्य निवडलं, वेगवेगळं भाजलं, मग दळलं, हे सगळं आलं. बाईचे ते कष्ट नावातून गेले, तर भावातूनही जातात. दहा रुपये जास्त का, हे मग गिऱ्हाइकाला कशावरून कळणार?

आणि न सांगता मिसळलं तर? त्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, भेसळ. त्याविरुद्ध 1954 साली कायदा झाला. आता 2006 चा अन्नसुरक्षा कायदा आहे, आणि पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात.

आमच्या पाकिटावर वर मोठ्या अक्षरांत ‘थालीपिठाची भाजणी’ आहे. त्याखाली ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, धने. ज्वारी सगळ्यात जास्त, म्हणून पहिली.