लग्नखर्चाच्या याद्यांतील ‘हक्क’ व ‘बक्षीस’

जुन्या लग्नखर्चाच्या याद्यांत परीट, कुंभार, न्हावी, वाजंत्री यांच्या नांवापुढें जी रक्कम असते, ती केवळ यजमानाचें औदार्य समजूं नये, असें आमचें मत आहे. परिटानें पायघड्या घालाव्या, कुंभारानें मडकीं द्यावीं व ठरीव मान घ्यावा, हा बलुत्याचा हक्क होय.

ग्रामजोशाचा हक्क याहून बळकट. यजमानानें दुसरा उपाध्याय बोलाविला तरी मुंबई इलाख्यांत तो दक्षिणेचा दावा लावी. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनीं सत्यशोधक पद्धतीनें पुरोहितावांचून लग्नकार्य केलें, तेव्हां जोशांनीं लावलेला दावा १८९० च्या सुमारास हायकोर्टांत टिकला नाहीं. पुढें १९२६ च्या कायद्यानें न बोलाविलेल्या उपाध्यायाचा हक्कच संपला.

यजमान मोकळा झाला हें योग्यच. परंतु हक्काबरोबर कसबी माणसाचा मान जाऊं नये. आज धरमपेठेंतील कार्यांत आचारी, वाजंत्री मजुरी ठरवून येतात. ती वेळेवर चुकवावी, त्यांस सन्मानानें जेवूं घालावें. बक्षीस द्यावयाचें तें मजुरीखेरीज.

येथील ज्या घरीं अशा याद्या असतील, त्यांनीं त्या रद्दींत घालूं नयेत. ‘हक्क’ जाऊन ‘बक्षीस’ केव्हां आलें, याचा निर्णय त्यांवरूनच व्हावयाचा आहे.