सूप कुठं ठेवायचं?

सोलापुरात पत्ता सांगताना गिरणीचं नाव घ्यायचं, ही आमच्या आजोबांच्या पिढीची पद्धत. ‘जुन्या मिलच्या पाठीमागं’, ‘विष्णू मिलच्या चाळीत’, ‘नरसिंग गिरजीच्या फाटकापाशी’. गिरण्या बंद पडून जमाना झाला, पत्ते मात्र अजून चालू आहेत. जुनी मिल म्हटलं की रिक्षावाला दुसरा प्रश्न विचारत नाही. उतरल्यावर समोर दिसतात दुकानं, अपार्टमेंटं आणि गाड्यांना अपुरे पडणारे रस्ते. शहराच्या ऐन मध्यात एवढी मोठी जमीन रिकामी झाली आणि पुन्हा भरली. तिथं राबलेल्या माणसांचं पुढं काय झालं, हे कुठल्याही आराखड्यात लिहिलेलं नसतं. ते म्हाताऱ्यांकडूनच ऐकावं लागतं. मी जे काही ऐकलं ते मुख्यतः दोघांकडून. एक आमचे आजोबा, दुसरी शेजारची अव्वा.

आजोबांची गोष्ट नेहमी दुष्काळापासून सुरू व्हायची. त्यांचा स्वतःचा जन्म पुढं कितीतरी वर्षांनी झालेला, पण १८७६-७८ चा तो दुष्काळ ते पाहिल्यासारखा सांगायचे, कारण त्यांच्या आजोबांनी तो त्यांना तसाच सांगितला होता. बार्शीकडच्या खेड्यातली विहीर आटली, बैल विकले आणि माणसं सोलापूरच्या वाटेला लागली. रेल्वे इथं १८६० मध्येच आली होती. कापूस आसपास पिकत होता, हात तर वाटेल तेवढे स्वस्त मिळत होते. मुंबईचे मुरारजी गोकुळदास यांनी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली होती. तिचं धुराडं ऐन त्या दुष्काळात, १८७७ च्या सुमाराला पेटलं. पुढं लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम या गिरण्या आल्या आणि ही पहिली ती ‘जुनी मिल’ झाली. मुरारजींचं नाव पेठेला राहिलं. “गिरणीनं आपल्याला गावातनं आणलं न्हाई,” आजोबा म्हणायचे, “गावानं हाकललं, गिरणीनं आत घेतलं.” हा फरक त्यांना फार महत्त्वाचा वाटायचा. मालकाचे उपकार मानायला ते तयार नव्हते, आणि गिरणीला शिव्या दिलेल्याही त्यांना चालायच्या नाहीत.

ते स्वतः पोरवयात बाबिनी भरायला लागले आणि हळूहळू साचेखात्यात पोचले. आधी बदली, मग कायम. घर म्हणजे चाळीतली एक खोली. एका पाळीची माणसं उठून गेली की त्याच जागेवर दुसऱ्या पाळीची माणसं झोपायची. भोंग्यावर सगळं शहर चालायचं. घड्याळ जॉबरच्या हातात असायचं, बाकीच्यांना कान पुरेसे होते. १९३० चं त्यांना पक्कं आठवायचं, तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे होते. मे महिन्यात गोळीबार झाला, लोक खवळले आणि शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. गिरण्यांची वस्ती त्या सगळ्याच्या केंद्रस्थानी होती. त्यांच्या वडिलांनी घरातली पांढरी टोपी ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवली होती, आणि ती बाहेर काढली तेव्हा तिला पोरकिडे लागले होते, असं ते दर वेळी हसत सांगायचे. मग हसू आवरून चार नावं घ्यायचे: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. चौघांचे पुतळे आज शहराच्या मध्यावर उभे आहेत आणि ती जागा मात्र नीट राखलेली आहे. सोलापूरला आपले हुतात्मे सांभाळता येतात. कामगार सांभाळणं जमलं नाही.

जुनी मिल १९६० च्या दशकात बंद पडली. आजोबा तेव्हा पन्नाशीच्या आसपास होते. ते काही काळ दुसऱ्या गिरणीत बदली म्हणून जात राहिले, मग एका कापडाच्या दुकानात गाठोडी बांधू लागले. बाकीच्या गिरण्याही एकेक करत आचके देऊ लागल्या. शतक सरता सरता बहुतेकींचा आवाज बंद झाला. हे मुंबईत घडलं तेव्हा त्याच्यावर कादंबऱ्या, नाटकं, सिनेमे आले. सोलापूरच्या वाट्याला तेवढंसं काही आलं नाही. मला वाटतं, यामागं एक कारण आहे. इथं गिरणी बंद पडली तरी काम बंद पडलं नाही. ते घरात शिरलं.

इथून पुढची गोष्ट अव्वाची. आम्ही पूर्वभागात राहायला आलो तेव्हा आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर होतं. पद्मशाली समाजाची, माहेर करीमनगरकडचं. तेलुगूत भांडायची, मराठीत समजूत घालायची. साखर पेठ, दाजी पेठ, भवानी पेठ, कन्ना चौक, अशोक चौक या सगळ्या भागात तिच्यासारखी हजारो घरं. निजामाच्या मुलखातून पोटापाण्यासाठी विणकर इथं पिढ्यान् पिढ्या येत राहिले. सोलापुरी चादर म्हणून जी देशभर गेली, तिच्यामागं ही घरं आहेत. अव्वाच्या सासऱ्याचा खड्ड्याचा माग होता. म्हणजे जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायचं, आणि त्याच खोलीत स्वयंपाक, बाळंतपण, मार्कंडेयाची पूजा. म्हातारी सासू कांड्या भरायची, शाळेतून आलेली पोरं तुटलेला धागा जोडायची. मग यंत्रमाग आले. घराची पुढची खोली कारखाना झाली आणि मागची खोली घर. रात्री त्या खटखटीत मला झोप लागायची नाही. वीज गेली की मात्र अव्वा दचकून जागी व्हायची.

पुरुष मागावर, बायका विडीवर. हे पूर्वभागाचं अर्थशास्त्र मला कुठल्याही पुस्तकाआधी अव्वाच्या ओसरीवर कळलं. सकाळी विडी कंपनीच्या ब्रँचमधून पान, तंबाखू आणि दोरा आणायचा. तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायची. पत्र्याच्या फर्म्यावर कात्रीनं पान कापायचं, मांडीवरच्या सुपात तंबाखू, आणि मग बोटं चालायला लागायची. दिवसाला हजार विड्या वळणारीला सगळे मानायचे. ब्रँचमध्ये कारकून कट्टे उलटेपालटे करून बघायचा आणि न आवडलेल्या विड्या छाट म्हणून बाजूला टाकायचा. त्या छाटीचा पैसा नाही, पण तंबाखू मात्र तिच्या हिशोबातून वजा. अव्वा त्या कारकुनाला तेलुगूत काय म्हणायची, ते मी इथं लिहू शकत नाही.

पण मला लक्षात राहिली ती ओसरी. पाच-सात बायका सुपं घेऊन गोल बसलेल्या, एकीचं मूल दुसरीच्या पायावर झोपलेलं, एकीला वाचता येतं म्हणून ती मोठ्यानं पेपर वाचतेय. कुणाच्या घरी किती मारहाण होते, कुणाच्या मुलीला स्थळ आलंय, ब्रँचनं किती पैसे दाबलेत, सगळं तिथं निघायचं. युनियनची सभा भरायच्या आधी तिचा निकाल याच ओसरीवर लागलेला असायचा. नगररचनावाल्यांच्या नकाशात अशा ओसरीला काय म्हणतात कोण जाणे. बहुधा अतिक्रमण म्हणत असावेत.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीची पहिली वीस शहरं जाहीर झाली, त्यांत महाराष्ट्रातून पुण्याबरोबर सोलापूर होतं. २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांवर लोकसंख्या असलेलं आमचं शहर एकदम देशाच्या यादीत आलं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. कामंही दिसली. होम मैदानाचं रूप बदललं, सिद्धेश्वर तलावाच्या काठानं फिरायला जागा झाली, पार्क स्टेडियमवर पुन्हा मोठे सामने आले, अप्पासाहेब वारदांची इंद्रभुवनाची देखणी इमारत जरा श्वास घ्यायला लागली. मात्र या यादीत जे चमकलं ते बहुतेक किल्ला, मंदिर आणि तलावाच्या आसपासचं. पूर्वभागातल्या बोळांत पाणी चार-पाच दिवसांआड येत राहिलं. उजनीसारखं प्रचंड धरण जिल्ह्यात असताना दारात बॅरल मांडून नळाची वाट बघणाऱ्या बायकांना ‘स्मार्ट’ या शब्दाचं हसू आलं, तर त्यांची काय चूक? बोळ आधीच अरुंद, त्यात प्रत्येक दारासमोर निळे बॅरल. ते बॅरल ज्या दिवशी हलतील त्या दिवशी पूर्वभागाचा निम्मा पुनर्विकास झालेला असेल, रंगीत फरशी न बसवता.

शहर आपले रस्ते कसं सांभाळतं हे बघायचं तर मकरसंक्रांतीच्या गड्डा यात्रेला यावं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांना सात नंदीध्वज प्रदक्षिणा घालतात. खांद्यावर पेललेल्या त्या उंचच उंच काठ्या जुन्या पेठांमधून जातात, तेव्हा वाटेतल्या विजेच्या तारा, फांद्या, पुढं आलेली छपरं सगळ्यांची काळजी घ्यावी लागते. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या नावानं आजही या शहरात रस्ता मोकळा होतो. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा पूर्वभागातही तेच. देवाचा मार्ग आखताना कुणी दिरंगाई करत नाही. माणसाच्या घराचा प्रश्न आला की मात्र जागा शहराबाहेर सापडते.

कुंभारीची गोष्ट तशीच आहे, आणि तिच्याकडं मी नुसतं नाक मुरडून बघू शकत नाही. विडी कामगार बायकांनी माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं मोर्चे काढले. त्यातून अक्कलकोट रस्त्याला कुंभारीजवळ गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. पुढं त्याच भागात रे नगरची तीस हजार घरांची योजना आली, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यातली पंधरा हजार घरं लोकांच्या हाती दिली. विडी वळणाऱ्या, मागावर बसणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, हातगाडी लावणाऱ्या माणसांची घरं. लाल बावट्याच्या चळवळीतून उगवलेल्या योजनेला वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी हात लावला. घर बाईच्या नावावर असणं म्हणजे काय, हे मला अव्वाच्या सुनेचा चेहरा बघून कळलं. रोज रात्री दारू पिऊन ‘माझ्या घरातनं चालती हो’ म्हणणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा तिनं तेच वाक्य परत ऐकवलं. हे कमी नाही.

अव्वालाही तिकडं नेलं. मी भेटायला गेलो तेव्हा ती खिडकीशी बसली होती. खोली स्वच्छ, भिंती सरळ, संडास घरात. ती खूश होती का? म्हणाली, “घर छान हाय की ओ. पन सूप कुटं ठिवू?” मला आधी वाटलं, ती जागेबद्दल बोलतेय. ती सांगत होती वेगळंच. ओसरी नव्हती. पाच-सात जणी एकत्र बसतील अशी सावलीची जागा नव्हती. सून दार लावून एकटी विड्या वळायची, दिवसभर तंबाखूची धूळ त्या छोट्या खोलीत फिरायची आणि नातू खोकायचा. ब्रँचचा कारकून पैसे कापतोय हे आता कुणी कुणाला सांगत नव्हतं, कारण भेटतच नव्हत्या. माग चालवणाऱ्या शेजाऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. माग शहरात, घर बाहेर, आणि रात्रपाळी संपल्यावर परतायचं कसं हा रोजचा हिशोब.

दरम्यान शहर आणखी एका धुराड्याला मुकलं. १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे नव्वद मीटर उंच चिमणी विमानतळाच्या आड येते म्हणून पाडली गेली. प्रचंड वाद झाला, शेतकरी एकीकडे, विमान हवं असणारे दुसरीकडे. २०२५ च्या जूनमध्ये गोव्याला विमान सुरू झालं. मला विमानाचं वावडं नाही. मुलं पुण्याला, हैदराबादला नोकरीला जातात, त्यांना इथं परतायला चांगली वाट हवीच. फक्त एवढं नोंदवून ठेवतो की आकाशातल्या वाटेसाठी नव्वद मीटर हटवायला जेवढी इच्छाशक्ती लागली, तिच्या दशांशानं पूर्वभागातले नळ रोज वाहिले असते.

आता पूर्वभागाच्या पुनर्विकासाची भाषा अधूनमधून कानावर येते. बोळ रुंद करायचे, जुनी घरं पाडून उंच इमारती उभ्या करायच्या, यंत्रमाग एमआयडीसीत हलवायचे. यातलं काही करावंच लागेल. दाटीवाटीत लागलेल्या आगी, सुताच्या धुळीनं भरलेली छाती, बहिरे झालेले कान यांचं मला कौतुक नाही, आणि जुनं ते सोनं म्हणणाऱ्यानं एक उन्हाळा पत्र्याखालच्या मागावर बसून बघावा. पण ज्याला आपण घर म्हणतो ते इथं शंभर वर्षं कारखाना, पाळणाघर आणि युनियनचं ऑफिस होतं. त्यातल्या फक्त झोपण्याच्या जागेचं क्षेत्रफळ मोजून बदली खोली दिली, तर बाकीच्या तिन्ही गोष्टींचं बिल त्या कुटुंबालाच भरावं लागतं.

म्हणून महापालिकेला, बिल्डरांना आणि आराखडे काढणाऱ्या तरुण आर्किटेक्टना माझं मागणं आहे. सर्वे करायला याल तेव्हा टेप घेऊन दुपारी या; तेव्हा घरात कोण काय काम करतं ते दिसेल. फॉर्ममध्ये माणसांच्या रकान्याशेजारी मागाचा आणि सुपाचा रकाना टाका. प्रत्येक इमारतीत तळमजल्यावर कामाची एक सामाईक, हवेशीर, पंखे-दिवे असलेली जागा ठेवा, आणि ती पार्किंगला विकू नका. नळाला रोज पाणी द्या. आणि कुंभारीत जे राहून गेलं ते आधी तिथंच पुरं करा, कारण तिथल्या हजारो बायका आजही दार लावून विड्या वळतायत.