शिंदीच्या झाडापासून लक्ष्मीपर्यंत

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चौरंगावर नाणी, वह्या, लाह्या-बत्तासे मांडले जातात आणि शेजारी नवी केरसुणी ठेवली जाते. तिला हळद-कुंकू वाहतात. तिला पाय लागला तर हात लावून नमस्कार करतात. काही भागांत तिला शिराई म्हणतात, काही ठिकाणी फडा, आणि कित्येक घरांत नुसती ‘लक्ष्मी’. एवढा मान मिळालेल्या या वस्तूचे माहेर मात्र ओढ्याकाठी आहे.

देशावर ओढ्या-नाल्यांच्या कडेने शिंदी आपोआप उगवते. खजुराच्याच कुळातले हे रानझाड. फळ गराने बेताचे, पानांच्या बुडाशी सुईसारखे काटे. ना कोणी ती लावते, ना तिला पाणी घालते. तिच्या रसावर मात्र सरकारची नजर गेली आणि 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने तो काढायला परवाना लागू लागला. पाने राहिली केरसुणी वळणाऱ्यांच्या वाट्याला.

हे वळणारे म्हणजे मुख्यतः मातंग समाजातली माणसे. शिंदीला एकच शेंडा असतो. मधला कोंब तुटला की झाड गेले, म्हणून खालच्या जून झावळ्या काढायच्या आणि गाभ्याला हात लावायचा नाही. काट्यांतून हात घालून झावळी उतरवायची, उन्हात वाळवायची, दांड्यापासून पाती सोडवायची आणि एकेक पात चिरून तिचे बारीक पट्टे करायचे. मग जुडगा बांधून मूठ आवळायची आणि पुढचा भाग पंख्यासारखा पसरू द्यायचा. मूठ सैल राहिली तर महिन्याभरात केरसुणी विस्कटते. त्यामुळे कारागिराचे खरे कसब या आवळण्यात असते आणि ते वर्षानुवर्षांच्या सरावानेच हाताला येते.

पात किती बारीक चिरायची, हे जमिनीने ठरवले असे मला वाटते. शेणाने सारवलेल्या भुईवर ताठ खराटा फिरवला तर सारवण उकलते. फार मऊ काही वापरले तर खडा-माती जागची हलत नाही. शिंदीची चिरलेली पात लवते, पण मोडत नाही. ती पोपडे न काढता केर पुढे ढकलते. म्हणून अंगणाला खराटा आणि घरात केरसुणी, अशी वाटणी झाली. सारवलेली भुई आणि शिंदीची पात यांची ही जोडी पिढ्यानपिढ्या टिकली.

देवघरापर्यंतचा तिचा प्रवास मला जास्त विलक्षण वाटतो. लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्रीनंतर बायकांनी सूप वाजवून तिला घराबाहेर घालवावे, असे धर्मशास्त्राच्या ग्रंथांनी सांगितले आहे. आपल्याकडे पहाटे घर झाडून केर बाहेर टाकताना ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात, ते त्याच जातीचे. अवदसा बाहेर काढणारे साधन म्हणजे ही केरसुणीच. ज्या हत्याराने दारिद्र्य झाडून टाकायचे, तेच समृद्धीचे रूप ठरले. शीतलादेवीच्या मूर्तीतही हातात केरसुणी असते. रोगराई झाडून नेणारी देवी दुसरे काय धरणार?

आणि ती वळणारा? बारा बलुत्यांत मांगाने गावाला दावी, कासरे, नाडे आणि केरसुण्या पुरवायच्या. बदल्यात खळ्यावरून धान्याचा वाटा घ्यायचा. त्याच्या हातची केरसुणी देव्हाऱ्यापाशी गेली, पण तो स्वतः उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. याच समाजातली मुक्ता साळवे, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी, हिने 1855 मध्ये ‘ज्ञानोदया’त महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. केरसुणीचे पावित्र्य सांगणाऱ्या प्रत्येक लेखाशेजारी तो निबंध ठेवून वाचायला हवा. वस्तूला हळद-कुंकू आणि हाताला विटाळ, ही विसंगती या कुळकथेचा भाग आहे. ती गाळून कथा गोड करणे मला मान्य नाही.

पुढे भुई बदलली. शहाबादी फरशी आली, मग गुळगुळीत टाइल्स आल्या. त्यांच्यावरची बारीक धूळ शिंदीच्या पातीत नीट अडकत नाही. तिथे ईशान्येकडच्या डोंगरांतल्या गवताचा फुलझाडू सरस ठरला, मागोमाग प्लास्टिकचा आला. ओढ्यांचे काठ नांगराखाली आणि बांधकामाखाली गेले, तशी शिंदीही विरळ झाली. आता दिवाळीच्या बाजारात वीतभर लांबीच्या, फक्त पूजेपुरत्या केरसुण्या दिसतात. त्या वळायला पात चिरणे, जुडगा बांधणे, मूठ आवळणे हे सगळे तितकेच करावे लागते. गिऱ्हाईक मात्र ‘एवढ्याशा लक्ष्मी’चा भाव पाडून मागते.