बुरशीची विकरे

भाकरीवर बुरशी आली की गृहिणी ती टाकून देते, आणि ते योग्यच आहे. परंतु बुरशी अन्न नासवते म्हणजे नेमके काय करते? तिला तोंड नाही, पोटही नाही. ती आपले पाचक रस बाहेर सोडते, अन्न जागच्या जागी विरघळविते आणि मग शोषून घेते. या रसांतील कार्यकारी द्रव्य म्हणजे विकर. इंग्रजीत त्यास एन्झाइम म्हणतात. बुरशी जे बाहेर टाकते ते मनुष्यास गोळा करता येते, या साध्या गोष्टीवर एक मोठा उद्योग उभा राहिला.

जपानात ‘कोजी’ बुरशी तांदळावर वाढवून मद्य करण्याची रीत जुनी आहे. रसायनज्ञ जोकिची ताकामिने ही विद्या घेऊन अमेरिकेस गेले. माल्टऐवजी कोजीने मद्य काढण्याचा त्यांचा बेत तडीस गेला नाही. पिओरिया येथील कारखाना जळाला. तरी त्यांनी धीर सोडला नाही. गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवून त्यांनी तिचा अर्क काढला, आणि त्यात मद्यार्क घालून पिष्ट पचविणाऱ्या विकराचा साका मिळविला. १८९४ साली त्यांस पेटंट मिळाले, आणि ‘टाका-डायास्टेज’ हे अपचनावरील औषध प्रसिद्धीस आले.

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती कापड कुजू लागले. शत्रू म्हणून शोधून काढलेली ती ट्रायकोडर्मा बुरशी पुढे सेल्युलेज विकराची खाण ठरली.

महाराष्ट्रात या विद्येचे घर पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा होय. ३ जानेवारी १९५० रोजी तिचे उद्घाटन झाले, आणि १९५१ पासून तेथे उद्योगोपयोगी सूक्ष्मजीवांचा संग्रह जोपासला गेला. मायरोथेसियम नावाच्या बुरशीचे कायटिनेज विकर तेथे अभ्यासिले गेले. किडीचे कवच आणि रोगकारक बुरशीची भिंत ज्या कायटिनची बनते, ते हे विकर विरघळविते; म्हणून पीकसंरक्षणास त्याचे मोल आहे.

खरी कसोटी शुद्धीकरणाची. विकर हे प्रथिन. उष्णतेने ते बिघडते. म्हणून गाळणे, क्षाराने साका बसविणे, स्तंभातून सोडून वेगळे करणे, हे सारे थंडाव्यात करावे लागते, आणि प्रत्येक पायरीवर थोडा माल हातचा जातो. जितके शुद्ध, तितके महाग. रक्तातील साखर मोजण्यास वापरतात ते ॲस्परजिलस बुरशीचे ग्लुकोज ऑक्सिडेज निर्भेळच हवे; त्यात कॅटलेज हे दुसरे विकर राहिले तर मधुमेह्याचा आकडा चुकतो. उलट निपाणी-बोरगावच्या शिवारात उसाचे पाचट कुजविण्यास शुद्ध विकर नको. जिवंत ट्रायकोडर्माच शेणकाल्यातून शिंपडली तरी काम भागते.

रोग्यास शुद्धता हवी, शेतकऱ्यास स्वस्ताई. कोणास किती शुद्ध द्यावयाचे हे ओळखणे, यातच या शास्त्राचा लोकोपयोग आहे.