बिडाआधी लाकूड

कोल्हापूरच्या उद्योगाची ओळख सांगताना लोक बिडाचं नाव घेतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या भट्ट्या, इंजिनाचे ब्लॉक, पंपाच्या बॉड्या, ट्रॅक्टरचे भाग. पण वाळूत बिडाचा रस ओतण्याआधी त्या वाळूत भागाचा आकार उठवावा लागतो, आणि तो आकार पिढ्यान् पिढ्या सुतारानं लाकडात घडवला. त्याला आम्ही पॅटर्न म्हणतो. माझे आजोबा, म्हणजे आबा, पॅटर्नमेकर होते, वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, आयुष्यभर हेच काम केलं, आणि उद्यमनगरातलं आमचं दुकान आता मी चालवते. या शहराच्या उद्योगाबद्दल लिहिलं-बोललं जातं तेव्हा भट्टीवाला येतो, लेथवाला येतो, सुतार मात्र राहून जातो. म्हणून त्याची गोष्ट मी सांगणार आहे. ती एकाच प्रश्नाच्या अंगानं सांगते: हत्यारानं लाकडात किती खोल जायचं, हे कोणी आणि कशानं ठरवलं?

आबांचे वडील करवीर तालुक्यातल्या एका गावचे बलुतेदार सुतार. नांगर, कुळव, बैलगाडी आणि गुऱ्हाळाचा लाकडी चरक ही त्यांची कामं, आणि खळ्यावरचं धान्य ही मजुरी. त्यांच्या कामात खोली ठरवायची ती नजरेनं. वाकसानं तासायचं, किकऱ्यानं भोक पाडायचं, कूस बसवून बघायची, घट्ट झाली तर पुन्हा थोडं काढायचं. जो भाग ज्यात बसणार तोच त्याचं माप होता. नांगराच्या कुशीत ज्वारीच्या दाण्याएवढा फरक राहिला तर तिथं पाचर मारता येई.

हा सुतार गावातून शहराकडे यायला काही ठोस कारणं घडली. 1891 मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली. 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा मिळाली. 1906 मध्ये शाहू मिल या कापड गिरणीची स्थापना झाली. 1918 मध्ये संस्थानात बलुतेदारीची पद्धत कायद्यानं मोडली. आमच्या घरासाठी यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी. गावकीच्या बांधिलकीतून सुटलेला माणूस आपलं कसब रोख पैशाला विकू शकत होता, आणि ते विकत घेणारे कारखाने आसपास उभे राहत होते.

त्याच काळात, 1910 पासून, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथं लोखंडी नांगर घडवले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा त्यांना दिल्या. तोफा वितळून नांगर झाले, ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो आणि सांगायलाच हवी. मला त्यात आणखी एक वाक्य घालायचं आहे. वितळलेल्या तोफेला नांगराचा आकार आपोआप येत नाही. त्या आकाराचा पॅटर्न आधी लाकडात घडवावा लागतो, आणि ते काम सुताराचं.

कोल्हापुरात लाकूड आणि लोखंड ही दोन कामं एकाच माणसाच्या हातात असणं नवं नव्हतं. बाबूराव पेंटरांचे वडील कृष्णराव मिस्त्री हे असेच अनेक हुन्नर जाणणारे कारागीर. त्या घरात वाढलेल्या बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीनं इथंच सिनेमाचा कॅमेरा घडवला, आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. विकत मिळत नसेल तर आपण बनवू, ही या शहराची वृत्ती. पुढे म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार अशा मंडळींनी त्याच वृत्तीवर इथल्या यंत्रांचा धंदा वाढवला. विहिरीवर आणि नदीकाठी ऑइल इंजिनं धडधडू लागली, गुऱ्हाळात बिडाचा चरक आला. काल लाकडी चरक घडवणाऱ्या सुताराचं काम गेलं नाही. आज तो बिडाच्या चरकाचा पॅटर्न घडवू लागला.

फक्त आता त्याला लोखंडाच्या मापानं लाकूड कापायचं होतं. बिडाचा रस थंड होताना आकसतो, फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच. म्हणजे बारा इंचांचा भाग हवा असेल तर पॅटर्न सव्वाबारा नव्हे, साडेबाराही नव्हे, बारा आणि एक अष्टमांश. ॲल्युमिनियम त्याहून जास्त आकसतं, पोलाद जवळजवळ दुप्पट. म्हणून पॅटर्नमेकरची मोजपट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा प्रत्येक इंच आधीच थोडा वाढवलेला असतो. शिवाय पॅटर्न वाळूतून साचा न ढासळता उचलला गेला पाहिजे, म्हणून उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार. जिथं लेथवर किंवा मिलिंगवर काम होणार तिथं वरून जादा माल. हे सगळं सागवानात, पटाशीनं आणि रंध्यानं. इथं पाचर मारून भागत नाही. आबा आप्पांना सांगायचे, “रेघ खाल्लीस की काम गेलं बघ.” पॅटर्नची चूक एकदा होते आणि त्यातून निघणाऱ्या प्रत्येक ओतकामात उतरते.

आबांचा एक रंधा मी जपून ठेवला आहे. शिसवीचा, त्यांनी स्वतः बनवलेला. त्याचा तळ सपाट नाही, दोन पाट्या एकमेकींना बरोबर काटकोनात आहेत आणि पातं त्या कोनाच्या टोकाशी. पाइपसारख्या पोकळ भागासाठी आतला गाभा वाळूचा बनवतात, त्याला कोअर म्हणतात, आणि त्या कोअरच्या पेटीत अर्धगोल पन्हळ कोरावी लागते. पन्हळीच्या दोन कडांवर या रंध्याच्या दोन पाट्या टेकवल्या की पातं अर्धवर्तुळाच्या रेषेपलीकडे जाऊच शकत नाही. कारण अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. शाळेच्या भूमितीतलं हे प्रमेय आबांच्या हातात हत्यार होऊन बसलं होतं. किती खोल जायचं हे तिथं नजरेऐवजी हत्याराची घडण ठरवत होती. आमच्या धंद्यातलं ते मोठं वळण आहे.

पुढचं वळण दूरच्या देशात घडलं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत सिराक्यूज इथल्या आर. एल. कार्टर नावाच्या कारागिरानं केस कापायच्या विजेच्या मशीनमधला वर्म गिअर घासून त्याचं कटर केलं, ते मोटरला जोडलं आणि लाकडावर चालवलं. हातात धरायचा विजेचा राउटर त्यातून आला. 1929 मध्ये स्टॅनली कंपनीनं त्याचा धंदा विकत घेतला. कार्टर हे करत होता त्याच दशकात कोल्हापुरात कॅमेरा घडत होता. दोन्हीकडे हाताशी असलेल्या वस्तूतून नवं यंत्र निघत होतं.

राउटर मिनिटाला दहा ते चोवीस हजार फेरे घेतो. एवढ्या वेगाचं हत्यार लहान तुकड्यावर हातानं धरून चालवणं धोक्याचं. म्हणून तो टेबलाखाली उलटा टांगतात, फक्त कटर वर येतं, आणि लाकूड त्याच्यावरून उजवीकडून डावीकडे, कटरच्या फिरण्याविरुद्ध सरकवतात. काम सुरक्षित होतं, पण खोलीचा प्रश्न टेबलाखाली जातो. कटर अर्धा मिलिमीटर वर घ्यायचं तर वाकून, चार-पाच किलोचं धूड एका हातानं तोलत, दुसऱ्या हातानं चाप सोडायचा. 1990 च्या दशकाच्या अखेरीस कॅनडा-अमेरिकेत यावर लिफ्ट आली: राउटर एका पाळण्यात घट्ट धरायचा, पाळणा उभ्या दांड्यांवर सरकवायचा, आणि मधल्या स्क्रूला टेबलावरूनच हँडल लावून फिरवायचं. स्क्रूचा पिच दोन मिलिमीटर असेल तर एका फेऱ्यात कटर दोन मिलिमीटर चढतं, पाव फेऱ्यात अर्धा.

ती लिफ्ट आयात करणं आम्हाला परवडणारं नव्हतं. पण आमच्या गल्लीत स्क्रू कापणारा टर्नर आहे, दांड्या ग्राइंडिंग करणारा आहे, ॲल्युमिनियम ओतणारा आहे. पाळण्याचा पॅटर्न आप्पांनी केला. सागवानातून निघालेला तो पाळणा आज सागवानच कापतो, याचा मला फार आनंद वाटतो.

लिफ्टला मोटर आली ती आप्पांच्या खांद्यामुळे. सत्तरीनंतर त्यांचा उजवा हात नीट फिरेना, आणि कोअरपेटीच्या कामात दिवसभर हँडल फिरवत राहावं लागतं. माझ्या भाच्यानं आधी गाडीच्या वायपरची मोटर बसवली. तिच्यात वर्म गिअर असतो, त्यामुळे वीज बंद झाली तरी राउटर आपल्या वजनानं खाली घसरत नाही. वर-खाली दोन्ही टोकांना लिमिट स्विच लावले. नंतर तिच्या जागी स्टेपर मोटर आली. ती एका फेऱ्याचे दोनशे टप्पे करते. दोन मिलिमीटर पिचच्या स्क्रूवर एक टप्पा म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. लाकडाला इतकी बारकी गरज नसते, हवेतल्या ओलाव्यानं ते त्याहून जास्त फुगतं. खरा फायदा म्हणजे एकदा ठरवलेली उंची यंत्राच्या लक्षात राहते आणि हवी तेव्हा पुन्हा तंतोतंत मिळते.

पन्नास मिलिमीटर व्यासाची अर्धगोल पन्हळ घ्या. मध्यापासून सात मिलिमीटरवर खोली चोवीस, पंधरावर वीस, विसावर पंधरा. कटरची बाहेरची कड त्या-त्या अंतरावर आणायची, बटण दाबायचं, लिफ्ट त्या उंचीवर येऊन थांबते. तेही एका दमात नाही, थोडं थोडं चढवत, नाहीतर लाकूड जळतं आणि कटर बोथटतं. अशा पायऱ्या पाडून घेतल्या की उरलेल्या कडा पॉलिशपेपरनं उतरवायच्या. आबांच्या काटकोनी रंध्याचं प्रमेय आता आकड्यांच्या रूपात मोटर चालवतं. आणि हे आकडे बटणावर चढवून देणारे आप्पाच. पंच्याहत्तरीतही ते त्यामुळे कामावर बसू शकले.

मोटर लावली म्हणजे कारागिरी संपली, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. आकस किती धरायचा, जोड कुठून काढायचा, कुठला कोपरा वाळू धरून ठेवेल, हे मोटरला कळत नाही. नजरेनं पाहिलेलं रंध्यानं घेतलं, रंध्याचं स्क्रूनं, स्क्रूचं मोटरनं. प्रत्येक वेळी कारागिराचा हात मोकळा झाला आणि तो अधिक अवघड कामाकडे वळला. लाकडी चरकाचा सुतार बिडाच्या इंजिनापर्यंत पोचला तो असाच.

धोका आहे तो वेगळाच. आता पॅटर्न सीएनसीवर रेझिनच्या ठोकळ्यातून निघतात, काही थ्रीडी प्रिंटरवर. ते चांगलंच आहे, आम्हीही तिकडे वळतो आहोत. पण ज्या इंजिनाचं उत्पादन थांबलं त्याचे लाकडी पॅटर्न माळ्यावरून उतरवले जातात आणि बंबात जातात. बिडाचं जुनं इंजिन भंगारातही वर्षानुवर्षं टिकतं. त्याला जन्म देणारं सागवान एका सकाळीत संपतं, आणि ते ज्यानं घडवलं त्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं.

शाहू मिलच्या जागेवर महाराजांचं स्मारक व्हावं, हे कोल्हापूरकरांचं जुनं स्वप्न आहे. ते होईल तेव्हा त्यात एक दालन पॅटर्नचं असावं, अशी माझी मागणी आहे. एकेका ओतकामाशेजारी त्याचा लाकडी पॅटर्न, त्याची कोअरपेटी, ती कोरणारं हत्यार, आणि खाली पाटीवर पॅटर्नमेकरचं पूर्ण नाव व गाव. बलुतेदारी मोडणाऱ्या राजाच्या स्मारकात, त्यामुळे मोकळ्या झालेल्या हातांचं काम दिसलंच पाहिजे. उद्यमनगरातल्या प्रत्येक दुकानानं आपला माळा रिकामा करण्याआधी एवढा विचार करावा. आबांचा शिसवी रंधा आणि आमच्या माळ्यावरचे चरकाचे पॅटर्न द्यायला मी आजच तयार आहे.